आशेचा माहितीपट कसा करावा : कोकणातील सागरी कासवांच्या निमित्ताने नवोदितांसाठी मार्गदर्शन

वन्यजीवांवर माहितीपट करू इच्छिणारे अनेक तरुण-तरुणी मला भेटतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनातला आराखडा सारखाच असतो : आरंभी देखणा निसर्ग, मध्ये संकट, शेवटी मेलेल्या प्राण्यांची दृश्ये आणि वेळ संपत चालल्याचा इशारा. माझाही पहिला आराखडा असाच होता. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर दोन हंगाम राहून मी ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनावर २६ मिनिटांचा माहितीपट केला. प्रेक्षकाला हळहळायला लावणे त्या मानाने सोपे असते, हे मला त्या काळात उमगले. एखाद्या गावातली माणसे वर्षानुवर्षे पहाटे उठून किनाऱ्यावर काय करतात, हे त्याला शेवटपर्यंत पाहायला लावणे मात्र फार कठीण जाते. या कामात मी जिथे जिथे अडखळले त्या जागा पुढे क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणे बहुतेक कासवांची असली तरी माळढोक, गिधाड, बिबट्या किंवा देवराई यांपैकी कोणताही विषय घेतला तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

आशादायक माहितीपट म्हणजे गोड शेवटाचा माहितीपट, असा समज प्रथम मनातून काढून टाकावा. पूर्वी स्थिती काय होती, कोणी नेमके काय केले, त्यामुळे काय बदलले आणि अजून कशाची भीती आहे, या चार प्रश्नांची उत्तरे पडद्यावर मिळाली तर प्रेक्षक आशा स्वतःहून घेऊन जातो. त्यातले एक उत्तर गाळले, तर उरते ती जाहिरात किंवा शोकगीत.

१. प्राणी निवडण्याआधी बदल निवडा

नवखा निर्माता बहुधा आवडत्या प्राण्यापासून सुरुवात करतो. मी सुचवेन की, एखाद्या माणसाच्या किंवा समूहाच्या वागण्यात झालेल्या बदलापासून सुरुवात करा, कारण कॅमेऱ्याला टिपता येते ती कृती.

मंडणगड तालुक्यातील वेळास हे याचे उत्तम उदाहरण आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे ग्रामस्थ आणि वन विभाग यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी माणसे अंडी काढून नेत आणि त्यांच्या नजरेतून सुटलेली घरटी कोल्हे-कुत्री उकरत. पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि राखलेल्या घरट्यांमुळे घरोघरी चार पैसे येऊ लागले. ज्या वाळूतून अंडी काढली जात, त्याच वाळूत आज त्याच परिसरातली माणसे घरट्यांवर पहारा ठेवतात. एवढ्या एका वाक्यात माहितीपटाचा पाया आहे.

दुसरे उदाहरण गुजरातचे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार होत असे. माइक पांडे यांनी त्यावर केलेला माहितीपट २००० मध्ये आला आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत स्थान मिळाले. २००४ पासून चाललेल्या जनजागृती मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाची तुलना बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीशी केली, त्याला 'व्हाली' म्हणजे लाडकी असे नाव मिळाले आणि जाळ्यात अडकलेला मासा सोडवण्यासाठी मच्छीमार स्वतःचे महागडे जाळे कापू लागले. जाळे कापणारा हात हे दृश्य हजार शब्दांच्या निवेदनापेक्षा अधिक सांगते. तुमच्या विषयात असा हात कोणाचा आहे, हे सापडेपर्यंत कॅमेरा विकत घेण्याचीही घाई करू नका.

२. आकड्यांची पडताळणी करा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा असा माझा आग्रह आहे, कारण आशेचा माहितीपट एका चुकीच्या आकड्याने कोसळतो. दुःखाची अतिशयोक्ती लोक माफ करतात, यशाची करत नाहीत.

कासवांच्या बाबतीत तीन गोष्टी सतत एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली म्हणजे हंगामात सापडलेली घरटी, दुसरी म्हणजे समुद्रात सोडलेली पिल्ले आणि तिसरी म्हणजे समुद्रात असलेल्या कासवांची संख्या. पहिल्या दोन गोष्टींची नोंद किनाऱ्यावर ठेवली जाते. तिसरी कोणीही किनाऱ्यावर बसून मोजू शकत नाही. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात, त्यामुळे सोडलेल्या पिल्लांचा आकडा नेहमीच भरघोस दिसतो. परंतु त्यांतली फारच थोडी वयात येतात आणि वयात येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून पिल्ले सोडली म्हणजे कासवे वाढली, असे निवेदनात म्हणणे चुकीचे ठरते.

घरट्यांच्या वाढत्या आकड्याकडेही सावधपणे पाहावे लागते. पूर्वी दोन किनाऱ्यांवर गस्त होती आणि आज वीस किनाऱ्यांवर असेल, तर घरटी अधिक सापडणारच. या वाढीतली काही कासवांची आणि काही आपल्या नजरेची असते. हे प्रेक्षकाला सांगितल्याने आशा कमी होत नाही, कारण वीस किनाऱ्यांवर माणसे उभी राहिली हाच मुळात मोठा बदल आहे. माझ्या माहितीपटात मी शेवटी तेवढेच म्हटले की, या किनाऱ्यावर सापडलेल्या बहुतेक घरट्यांचे आता संरक्षण होते आणि पूर्वी ते होत नव्हते. हे विधान साधे वाटते, पण ते कोणालाही खोडता येणार नाही.

पडताळणीसाठी वन विभागाच्या नोंदी, संस्थेची हंगामी नोंदवही आणि निदान एका स्वतंत्र शास्त्रज्ञाचे मत, असे तीन आधार घ्यावेत. शास्त्रज्ञांशी बोलण्याचा आणखी एक लाभ असा की, त्यांच्याकडे ताजी आणि उत्कंठावर्धक माहिती असते. २०२२ च्या आरंभी भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकण किनाऱ्यावरील पाच माद्यांना उपग्रहाद्वारे माग देणारी उपकरणे बसवली. त्यांतली पहिली, 'प्रथमा', वेळासची होती. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, असे अनेक जण धरून चालले होते. असा एक प्रसंग मिळाला तर गावाची गोष्ट एकदम साऱ्या समुद्राची होते.

३. हंगामाचे वेळापत्रक मांडा

माझ्या पहिल्या हंगामाची सर्वांत मोठी चूक म्हणजे मी मार्चमध्ये पोहोचले. महोत्सव चालू होता, पिल्ले रोज सोडली जात होती आणि मी दहा दिवसांत समुद्राकडे धावणाऱ्या पिल्लांचे भरपूर चित्रीकरण केले. घरी येऊन पाहिले तेव्हा लक्षात आले की, माझ्याजवळ फक्त शेवट आहे. ती घरटी कोणी शोधली, अंडी हॅचरीत, म्हणजे ती सुरक्षितपणे उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, कोणी हलवली, दीड-दोन महिने कोणी राखली, यांतले एकही दृश्य नव्हते.

कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या अंडी घालण्यास येतात आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्यास वाळूच्या तापमानानुसार सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या वर्षी मी चार भेटी ठरवल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस तयारी आणि गस्तीची सुरुवात, जानेवारीत घरटी हलवण्याचे काम, मार्चमध्ये पिल्ले आणि पाहुणे, आणि जुलैमध्ये पावसाने झोडपलेला, एकही कासव नसलेला किनारा. शेवटची भेट अनेकांना अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात माझ्या माहितीपटातील सर्वांत शांत आणि अर्थपूर्ण दीड मिनिट त्या भेटीतून मिळाले, कारण राखण करणारी माणसे तेव्हा भातलावणीत असतात आणि ती कोणी व्यावसायिक संवर्धक नसून शेतकरी आणि मच्छीमार आहेत हे तेव्हाच नीट दिसते.

प्रत्येक भेटीत दोन-तीन दिवस अधिकचे ठेवा. कासव आपल्या सोयीने येत नाही.

४. परवानग्या आणि कागदपत्रे

ऑलिव्ह रिडले हे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. नवख्यांनी हा कायदा एकदा स्वतः वाचावा, कारण त्यातील शिकारीची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा फार व्यापक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे आणि प्राण्याला आमिष दाखवणे हेसुद्धा त्या व्याख्येत येते. चांगल्या दृश्यासाठी घरट्यावरची वाळू जराशी बाजूला करणे किंवा बिबट्यासाठी कोंबडी बांधणे हा गैरशिस्तीचा प्रकार नसून गुन्हा आहे.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरण करायचे असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात चित्रपटनिर्मितीचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अधिवासात कोणताही बदल न करण्याची, तसेच अधिवास व वन्यजीव यांवर विपरीत परिणाम होऊ न देण्याची अट आहे. गावाचा किनारा अभयारण्यात मोडत नसला तरी घरटी आणि हॅचरी वन विभागाच्या देखरेखीखाली असतात, म्हणून विभागीय वन अधिकाऱ्यांना लेखी कळवून त्यांची लेखी संमती घ्यावी आणि तिची प्रत परिक्षेत्र वन अधिकारी व स्थानिक वनरक्षक यांच्यापर्यंत स्वतः पोहोचवावी.

माझा पहिला अर्ज सात आठवडे एका कार्यालयात पडून राहिला, कारण तो कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा हे न विचारता मी टपालाने पाठवला होता. अर्ज हाती द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा आणि हंगामाच्या निदान तीन महिने आधी हे काम सुरू करा.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

- माहितीपटाचा दोन पानी मराठी सारांश, ज्यात काय दाखवणार आणि काय करणार नाही हे दोन्ही लिहिलेले असेल
- तारखा, ठिकाणे आणि दिवसाची वेळ यांचा तक्ता
- चमूतील प्रत्येकाचे ओळखपत्र, छायाचित्र आणि गाडीचा क्रमांक
- कॅमेरे, लेन्स, ध्वनिमुद्रक यांची अनुक्रमांकांसह यादी
- वन्यजीवांना त्रास न देण्याचे सही केलेले हमीपत्र
- ग्रामपंचायतीला दिलेले पत्र आणि त्याची पोच
- मुलाखत देणाऱ्यांसाठी मराठी संमतीपत्रे. अल्पवयीन मुले असतील तर पालकांच्या सहीसह
- ड्रोन वापरणार असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक आणि वन विभागाची वेगळी परवानगी

ड्रोनविषयी थोडे अधिक सांगते. ड्रोन नियम, २०२१ नुसार डिजिटल स्काय या संकेतस्थळावर आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग दाखवलेले असतात आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनना काही सवलती आहेत. त्या सवलती वन्यजीवांच्या क्षेत्राला आपोआप लागू होतात असे मानू नका. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर समुद्र गरुडाचे घरटे असू शकते आणि ड्रोनच्या आवाजाने पक्षी घरटे सोडून उठतात. मी दोन हंगामांत ड्रोन एकदाच उडवला, तोही जुलैमध्ये, रिकाम्या किनाऱ्यावर.

चमूत परदेशी नागरिकत्व घेतलेले मराठी मित्र असतील तर पर्यटक व्हिसावर चित्रीकरण करता येत नाही हे त्यांना आधीच सांगा.

५. कॅमेरा न काढता गावात राहा

पहिले चार दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवा. पहाटेच्या गस्तीला कासवमित्रांसोबत, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांसोबत, रिकाम्या हातांनी चाला. वाळूवर मादीचा माग कसा दिसतो, ती वर कुठून आली आणि परत कुठून गेली, घरटे कुठे असावे याचा अंदाज ते कसा बांधतात, काठीने वाळू चाचपताना हाताला काय जाणवते, हे आधी समजले तरच पुढे कोणता क्षण टिपायचा ते कळते. कासवाचे घरटे सुमारे दीड फूट खोल आणि मडक्यासारखे, वर निमुळते व खाली फुगीर असते. अंडी हलवली जातात तेव्हा हॅचरीत तोच आकार हाताने पुन्हा करावा लागतो आणि अंडी न फिरवता, घातल्यापासून काही तासांच्या आत न्यावी लागतात. हे कौशल्य मला माहीत नसते तर त्या माणसाच्या हातांऐवजी मी त्याच्या चेहऱ्यावरच कॅमेरा ठेवला असता.

राहण्याखाण्याचे पैसे गावातल्या दरानेच, वेळच्या वेळी द्या. मुलाखतीसाठी मात्र पैसे देऊ नका. ज्यांचा दिवस तुमच्यामुळे मोडला त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या आणि तसे नोंदवा. गावात दोन गट असतील तर दोन्हीकडे चहा घ्या. एकाच घरातून गोष्ट ऐकली तर श्रेय एकालाच जाते आणि माहितीपट झाल्यावर ज्या सहकार्यावर सारे काम उभे आहे त्यालाच तडा जातो. हा धोका मी जवळून पाहिला आहे.

६. साधने

उत्तम साधनांची वाट पाहत थांबू नये. कमी उजेडात बरे चित्र देणारा एक मिररलेस कॅमेरा, १०० ते ४०० मिलिमीटरची एक लेन्स, माणसांसाठी एक रुंद लेन्स, मजबूत ट्रायपॉड, दोन कॉलर माइक आणि एक स्वतंत्र ध्वनिमुद्रक एवढ्यावर काम होते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि एक पन्नासांश सेकंदाचे शटर ठेवल्यास घरातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकत नाही. दुपारच्या वाळूवर त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच, लागेल.

पैसे कमी असतील तर ते आवाजावर घाला. किनाऱ्यावर वारा कधीच थांबत नाही आणि माइकवर केसाळ आवरण नसेल तर सारी मुलाखत वाया जाते. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता दोन मिनिटे परिसराचा आवाज स्वतंत्र मुद्रित करा : भरतीचा, ओहोटीचा, सुरूच्या बनातला, पहाटेच्या अंगणातला. संकलनात हेच तुकडे दृश्यांना जोडून ठेवतात.

खारा वारा उपकरणांचा शत्रू आहे. रोज रात्री कोरड्या ब्रशने वाळू काढा, ओलसर फडक्याने मीठ पुसा आणि सर्व काही सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. वाळूवर लेन्स बदलू नका. दिवसाच्या फुटेजच्या तीन प्रती करा. त्यांतली एक प्रत वेगळ्या घरात ठेवा.

७. चित्रीकरणाची मर्यादा आधी ठरवा

अंडी घालण्यास येणारी मादी मी रात्री चित्रित केली नाही. हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घेतला आणि तो पाळणे अनेकदा जड गेले. वाळूवर चढणारी मादी उजेड, हालचाल किंवा चाहूल लागली तर अंडी न घालताच परत फिरू शकते, आणि पिल्ले तर उजेडाच्याच दिशेने जातात. रात्री समुद्राकडचे क्षितिज अधिक उजळ दिसते म्हणून ती समुद्राकडे वळतात. किनाऱ्यावर दिवा असेल तर तीच पिल्ले उलट्या दिशेने, सुरूच्या बनाकडे किंवा रस्त्याकडे जातात. त्यामुळे फ्लॅश आणि पांढरा दिवा पूर्ण बंद. रात्रीची गस्त मी तिच्या आवाजातून सांगितली : पावलांखालची वाळू, लाटा, मधूनच हलक्या स्वरातले बोलणे. पडदा जवळजवळ काळा असलेली ती ४० सेकंदे लोकांच्या आजही लक्षात आहेत.

हॅचरीत पिल्ले बाहेर येण्याचा दिवस जवळ आला की घरट्यावर टोपली ठेवतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. सोडण्याचे काम त्याच वेळी होत असल्याने नैसर्गिक उजेड मिळतो. दोरीच्या बाहेर, जमिनीलगत ट्रायपॉड लावून लांब लेन्सने टिपा. पिल्लांच्या पुढे जाऊन झोपू नका. आपल्या पावलांचे खड्डे बोटभर लांबीच्या पिल्लाला दरीसारखे असतात, म्हणून त्यांच्या वाटेवरून चालूही नका. पिल्लू तळहातावर घेऊन कॅमेऱ्यासमोर धरण्याची विनंती तर कोणालाही करू नका. पडद्यावर ते दिसले की पुढच्या वर्षी शंभर पर्यटक तेच मागतात.

एखादे दृश्य हुकले तर ते हुकले असेच धरावे. कोणी सुचवले की ओडिशातील हजारो कासवांच्या सामूहिक विणीची तयार दृश्ये विकत मिळतात, ती मध्ये घालावीत. कोकणात कासवे तशी येत नाहीत. इथे एकेकटी मादी येते. ती दृश्ये वापरली असती तर माहितीपट भव्य झाला असता आणि खोटा ठरला असता.

घरट्यांची नेमकी ठिकाणे कुठेही उघड होऊ देऊ नका. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत स्थानाची माहिती दडलेली असते. ती नोंद बंद करूनच छायाचित्रे काढा.

८. मुलाखती घ्या, भाषणे नकोत

औपचारिक मुलाखतीत माणसे वर्तमानपत्री भाषा बोलू लागतात. कोकणातला एखादा काका अंगणात जाळे विणताना जितके मोकळे बोलेल तितके खुर्चीवर बसवून बोलणार नाही. तुम्ही हे काम का करता, असे विचारू नका. त्याला ठरीव उत्तर मिळते. पहिले घरटे सापडले तो दिवस सांगा, किंवा एखादे घरटे गमावले ती सकाळ सांगा, असे विचारा. पूर्वी अंडी खाल्ली किंवा विकली असतील तर तेही बोलू द्या, पण त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. बदललेला माणूसच या गोष्टीचा नायक असतो आणि त्याने आपला भूतकाळ स्वतःच्या शब्दांत सांगणे हे फार मोठे देणे आहे. ते पडद्यावर ठेवण्यापूर्वी त्याला तो तुकडा दाखवून पुन्हा विचारा. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला असा तुकडा काढायला सांगितले आणि मी तो काढला. संमतीपत्रावर सही होती, तरीही.

स्त्रियांशी बोला. पाहुण्यांचा स्वयंपाक, अंथरुणे, सोलकढीपासून हिशोबापर्यंत सारे त्या पाहतात आणि संवर्धनामुळे घरात नेमके काय बदलले हे त्याच अचूक सांगतात. बोली तशीच ठेवा. तिला प्रमाण मराठीत आणण्याचा प्रयत्न करू नका. गरज वाटली तर खाली मराठी शब्दपट्टी द्या.

९. संकलन : धोका कुठे ठेवायचा

माझ्याजवळ सुमारे ३० तासांचे फुटेज होते. पहिले संकलन पिल्लांपासून सुरू होऊन चढत्या संगीताने संपत होते. ते पाहून गावातल्या एका कासवमित्राने विचारले की, यात आमची रात्र कुठे आहे. तेव्हा मी सर्व मोडून पुन्हा जुळवले आणि पिल्ले पहिल्यांदा एकोणिसाव्या मिनिटाला दाखवली. तोपर्यंत प्रेक्षकाने एक रिकामे, उकरलेले घरटे पाहिलेले असते, निष्फळ गस्त पाहिलेली असते, म्हणून वाळूतून बाहेर येणारे पहिले डोके त्याला स्वतःच्या श्रमाचे फळ वाटते.

धोका अगदी शेवटी ठेवू नका, कारण मग आधीचे सारे व्यर्थ वाटू लागते; आणि तो गाळूही नका. मी तो यशानंतर लगेच ठेवला. जाळ्यांत गुदमरणारी मोठी कासवे, किनाऱ्यावरचे वाढते दिवे, धूप रोखण्यासाठी बांधलेल्या भिंती आणि तापणारी वाळू, या चार गोष्टी तीन मिनिटांत सांगितल्या. तापणाऱ्या वाळूचा मुद्दा समजावून सांगावा लागतो : पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते, अधिक उष्णतेत माद्या अधिक होतात आणि फार उष्णतेत अंडीच मरतात. त्यानंतर या प्रत्येक धोक्यावर कोण काय करत आहे किंवा करू शकेल, तेवढे दाखवून पुढे गेले. कोणीच काही करत नसेल तर तसेच सांगावे.

संगीत कमी ठेवा. निवेदन लिहून झाले की त्यातील विशेषणे खोडून पाहा. दृश्य उभे राहत असेल तर ती परत घालू नका. पैसे देणाऱ्या कंपनीचे नाव शेवटच्या श्रेयपट्टीत असू द्या, पण संकलनावर तिचा अधिकार नाही हे करारातच लिहून घ्या. ज्या उद्योगामुळे तुमच्या विषयातील अधिवासाला हानी पोहोचते त्याचा सामाजिक दायित्व निधी घेतल्यास प्रामाणिक माहितीपटही संशयास्पद ठरतो.

१०. माहितीपट कुठे आणि कसा दाखवावा

पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव, दिल्लीचा वातावरण महोत्सव आणि मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव ही आपल्याकडील ठळक व्यासपीठे आहेत. प्रवेशिका पाठवण्यापूर्वी माहितीपट समाजमाध्यमांवर पूर्ण टाकू नका, कारण काही महोत्सवांना प्रथम प्रदर्शनाची अट असते. चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शन करायचे असल्यास चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. इंग्रजी उपशीर्षके मात्र पहिल्यापासून तयार ठेवा.

पहिले प्रदर्शन गावात करा. गणपतीत किंवा शिमग्याला, जेव्हा मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात आणि देवळापुढच्या पटांगणात सारे जमतात, तो दिवस निवडा. शिमगा तर बहुधा कासवांच्या हंगामातच येतो. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, दोन चांगले स्पीकर आणि वीज गेली तर चालणारा जनित्र संच एवढी तयारी पुरते. पडद्यावर दिवे आणि मासेमारीच्या जाळ्यांचा भाग येतो तेव्हा माणसे काय कुजबुजतात ते ऐका. आमच्या प्रदर्शनानंतर दोन घरांनी समुद्राकडचे अंगणातले दिवे हंगामापुरते झाकण्याचे ठरवले.

निघण्यापूर्वी एक प्रत ग्रामपंचायतीला, एक शाळेला आणि एक वन विभागाला द्या. घरटी हलवण्याच्या कामाचे न कापलेले फुटेजही हॅचरीकडे ठेवा. नव्या कासवमित्रांना ते हात बघून शिकता येते.